हलत्या पानांचे दादा

दादांचा फोन कधी झटक्यात बंद झाला नाही. बोलणं संपलं की ते म्हणायचे, "अच्छा." मग जरा थांबून, "चलो." मग, "ठीक आहे तर." मग, "ठेवतो." मग, "ठेवून राहिलो हं." एवढं सगळं होऊनही पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत राहायचा, कारण समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही असा त्यांचा नियम होता. कामाच्या गडबडीत असा फोन आला की मी कपाळाला हात लावायची. सुरुवातीला वाटायचं, या माणसाला अजून काहीतरी सांगायचं आहे. नंतर कळलं, सांगायचं काही नाही, समोरच्याला दचकवायचं नाही एवढंच.

आता ते नाहीत, आणि माझा दिवस दचकण्यात जातो. मी घरी बसून दूरच्या एका कंपनीची वेबपानं करते. मीटिंगमध्ये चौकटीचौकटीत माणसं असतात, हसतात, मान हलवतात, आणि मीटिंग संपली की सगळी एका क्षणात नाहीशी. कोणी 'अच्छा' म्हणत नाही. मी तशीच रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसते. मान दुखत असते, डोळे चुरचुरत असतात, चहा निवून गेलेला असतो. आई म्हणते, चाळिशीच्या आत एवढं थकायला होऊ नये. होतं, काय करू?

दादांचं दुकान जबलपूरच्या गोहलपुरात होतं, लोखंडी ग्रिल बनवणाऱ्या कारखान्याच्या वर. ऑफिस म्हटलं की चिडायचे. "ऑफिसात साहेब बसते. इथं गिऱ्हाईक येते." खाली कटर किंचाळायचा आणि वर आम्ही वेबसाइट करायचो. बाबांच्या आजारपणापायी मी बाहेरची नोकरी सोडून जबलपूरला परत आले होते, आणि मिळेल ते काम धरायची तयारी होती. मुलाखतीला गेले तर दादांनी ना प्रमाणपत्र बघितलं, ना काही विचारलं. म्हणाले, "पोरी, ते दार लाव."

मी लावलं. ते धाडकन लागलं. दादांनी डोळे मिटून खुर्चीचा हात धरला. मग म्हणाले, "उघड. आता परत लाव. त्याला कळू दे, की आपण बंद होऊन राहिलो." दोनतीनदा माझ्याकडून दार उघडून-लावून घेतलं आणि म्हणाले, "जमेल. सोमवारपासून ये." घरी आल्यावर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "दार लावायची नोकरी लागली का गं तुला?"

एकेक तऱ्हा होती. पंखा ते बटणानं बंद करत नसत. आधी रेग्युलेटर पाचावरून चारावर, चारावरून तीनावर, प्रत्येक आकड्यावर थोडं थांबत एकावर आणायचे. मग "चल, आराम कर" म्हणून बटण दाबायचे. बत्ती घालवायच्या आधी "बत्ती घालवून राहिलो" असं जाहीर व्हायचं. खोलीत मी एकटी असले तरी व्हायचं, आणि मी नसतानाही होत असणार अशी माझी खात्री आहे. जिना चढताना अगदी खालच्या पायरीपासून खोकत, कठड्यावर अंगठी वाजवत यायचे, म्हणजे वरचं माणूस दचकू नये. आणि चालताना एक हात कायम कशाला तरी लागलेला. भिंतीला, मग कपाटाला, मग टेबलाला, मग माझ्या खुर्चीच्या पाठीला. मला वाटायचं, हाही त्यातलाच एखादा चाळा असेल.

'एकदम' हा शब्द दुकानात चालायचा नाही. एकदा मी म्हटलं, "दादा, सर्व्हर एकदम बंद पडला." त्यावर म्हणाले, "एकदम काही होत नसते. तुझं लक्ष नव्हतं."

याचं मूळ काय म्हणून विचारलं की टेबलाची गोष्ट निघायची. तरुणपणी ते कुठल्याशा खाजगी कंपनीत होते. रजेवर गेले, परत आले, तर जागेवर टेबल नाही. "होतं, आणि नव्हतं," दादा म्हणायचे. "कोणी काही बोलेना. खाली फरशीवर टेबलाच्या चार पायांचे चार डाग. ते डाग बघून मला समजलं, की माझी नोकरी गेली." ही रजा कधी बहिणीच्या लग्नाची असायची, कधी तापाची, कधी जबलपूरजवळच्या पाटनला कोणाच्या तेराव्याची. रजेचं कारण दर वेळी बदलायचं. चार डाग मात्र तेच राहायचे, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. म्हणून मी कधी थट्टा केली नाही.

असा माणूस वेबपानांच्या धंद्यात कसा टिकला असेल, विचारा. कारण वेबपान हे सगळ्यात झटकेबाज प्रकरण. पानावर एखादी ओळ नवी आली की ती टपकन उगवते, काढली की नाहीशी होते, आणि तिच्याखालच्या सगळ्या ओळी उडी मारून वर येतात. दादांना ते बघवायचं नाही. "ही काय पद्धत आहे? होता होता माणूस नाही." आणि मग त्यांच्या हाती ते प्लगइन लागलं.

जावास्क्रिप्टचं छोटंसं, फुकट मिळणारं प्लगइन. एका ओळीचं काम. पानावर ज्या चौकटीत वस्तू मांडलेल्या असतात त्या चौकटीला ही एक ओळ लावायची, की आतल्या वस्तू आपोआप वागायला लागतात. नवी वस्तू हळूच उमटते, जाणारी फिकी होत जाते, आणि बाकीच्या सरकत सरकत तिची जागा भरून काढतात. हे मी त्यांना समजावून सांगत होते, पण त्यांनी आधीच मला समजावायला सुरुवात केली होती.

"चौकट म्हणजे बाप. बापाला एकदा सांगितलं की झालं. लेकरांना एकेकाला सांगत बसायला नको. सगळी शहाण्यासारखी सरकतात."

"असा बाप कोणाच्या घरी असते दादा?"

"नसते ना. म्हणून तर कॉम्प्युटरमध्ये ठेवला."

त्या दिवसापासून दुकानातून एकही पान न हलता बाहेर पडलं नाही. पाटनच्या एका मटारवाल्या आडत्याच्या पानावर भाव बदलला की ओळी सरकत वरखाली व्हायच्या, आणि तो आडत्या गिऱ्हाइकाला मोबाइल दाखवून म्हणायचा, "देखो, चल रहा है न?" गोहलपुरात दादांचं नावच पडलं, हिलने वाली वेबसाइट वाले दादा. त्यांना ते फार आवडायचं. मला वाटायचं, चला, एवढ्या कटकटीत कोणीतरी खूश आहे.

मग सराफ्याचं प्रकरण झालं. तिथल्या एका सोनाराचं पान करायचं होतं. हार, बांगड्या, झुमके, वर बटणं. जे बटण दाबाल तेवढे दागिने राहणार, बाकीचे जाणार. माझा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता म्हणून मी दादांच्या कॉम्प्युटरवर बसले. चौकटीला ती ओळ लावली. काही हललं नाही. मला वाटलं चौकट चुकली, बाहेरच्या चौकटीला लावली. नाही. मग आतल्या प्रत्येक चौकटीला लावली, वेळ वाढवला, चाल वाढवली. सगळं आपलं दगडासारखं बसलेलं. पान द्यायची वेळ झाली होती आणि मी वैतागले होते. म्हटलं, हलत नाही तर न हलो, आणि दिलं पाठवून.

थोड्या वेळानं सोनाराचा फोन. "दीदी, ये क्या कर दिया आप लोगों ने? हमारे सब हार तैर रहे हैं! चूड़ी दबाओ तो पायल नीचे से चली आ रही है, और झुमके तो उतरे ही जा रहे हैं, उतरे ही जा रहे हैं! दुकान में भूकंप आ गया है क्या?" भूकंप म्हणजे काय ते जबलपूरकराला सत्त्याण्णव सालापासून नीट माहीत आहे, तो शब्द इथं कोणी उगाच वापरत नाही. मी माझ्या मोबाइलवर पान उघडलं. खरंच सगळा सराफा पोहत होता. आणि समोर दादांच्या स्क्रीनवर तेच पान, गप्प.

ते प्लगइन मोठं सभ्य आहे. कॉम्प्युटरच्या मालकानं सेटिंगमध्ये सांगून ठेवलं असेल, की मला हालचाल नको, तर ते मुकाट्यानं बसून राहतं. मी सेटिंग उघडून बघितलं. दादांच्या कॉम्प्युटरवर हालचाल बंद करून ठेवलेली होती.

"दादा, हे कोणी केलं?"

दादा दारात उभे होते, हात चौकटीला. "मीच."

"काहून?"

त्यांनी आधी जिन्याकडे बघितलं, खाली कोणी ऐकत नाही ना. मग म्हणाले, "मला बघवत नाही पोरी. काही हललं की माझं सगळंच हलते. फरशी तिरपी होते. ही भिंत नसली तर मी पडीन."

तेव्हा मला तो हात समजला. भिंतीवरचा, कपाटावरचा, माझ्या खुर्चीवरचा. इतके दिवस मी त्याला चाळा समजत होते.

"केव्हापासून आहे हे?"

"हळूहळू आलं," दादा म्हणाले, आणि त्यातही त्यांना जरा अभिमान वाटला. "एकदम नाही आलं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं की तो म्हणल, स्क्रीन बंद करा. स्क्रीन बंद केली की दुकान बंद. दुकान बंद केल्यावर सकाळी उठून मी कुठं जाऊ, सांग? आणि गिऱ्हाइकाला कळलं, की हलती पानं करणाऱ्याला हललेलं सोसत नाही, तर कोण येईल आपल्याकडे? घरी काकूला सांगू नको. कोणालाच सांगू नको."

मी नाही सांगितलं. पण त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झाले, आणि ते काम मोठं कंटाळवाणं होतं. पान तयार झालं की दादा माझ्याकडे पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसायचे आणि विचारायचे, "कुठून येऊन राहिलं?"

"वरून, दादा."

"धावत का आरामात?"

"आरामात."

"जाणारा कसा गेला?"

"फिका होत गेला."

"आणि बाकीचे?"

"सरकले."

"धक्काबुक्की न करता?"

"न करता."

मग ते कॅलेंडरकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, "जरा अजून हळू कर." स्वतः बघत नसल्यामुळे त्यांना कधीच पुरेसं हळू वाटायचं नाही. दिवसातून अनेकदा हेच. बाबांची औषधं, घरचं, वरून हा प्रश्नोत्तरांचा पाठ. कधीकधी वाटायचं, ओरडून सांगावं, की दादा, एक ओळ सरकली हो, देव नाही प्रकट झाला. पण त्यांची ती पाठ बघितली की ओरडवायचं नाही.

त्या सुमाराला दुकानाला दम लागला होता. लोक मोबाइलवर स्वतःच पानं बनवून राहिले होते. आडत्या सोडला तर जुनी गिऱ्हाइकं येईनाशी झाली होती. दादा बोलायचे नाहीत, पण जिना चढतानाचा खोकला बारीक झाला होता. अशात कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंचं काम आलं. त्यांच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्या पेशंटांची नावं टीव्हीवर दिसायची आणि त्यावरून रोज भांडणं व्हायची. मधेच कोणी तातडीचा पेशंट घुसवला की नावं उड्या मारायची, आणि माणसं कंपाउंडरच्या अंगावर जायची. "अभी तो मैं तीसरा था, पाँचवाँ कैसे हो गया?"

दादांचे डोळे चमकले. "बघितलं? त्यांचा राग नंबर मागे गेल्याचा नाही. जाताना दिसला नाही याचा आहे."

आणि खरंच, आम्ही हलतं पान लावलं आणि भांडणं थांबली. एक नाव आत गेलं की फिकं होऊन जायचं, खालची नावं सावकाश वर सरकायची. तातडीचा पेशंट आला की सगळे दिसेल असे खाली सरकून त्याला जागा द्यायचे. आपलं नाव सरकलं की माणूस खुर्चीत सावरून बसायचा. काही दिवसांनी आम्ही बोर्ड बघायला गेलो तेव्हा डॉक्टर मॅडम स्वतः बाहेर येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "दादा, ये तो कमाल हो गया. मैं अपने सब डॉक्टर दोस्तों को बोलती हूँ. सबके यहाँ यही रोना है." मी दादांकडे बघितलं. दवाखान्याच्या भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं, आतल्या सगळ्या नळ्यांसकट. ते बोर्डाकडे पाठ करून त्या चित्राकडे तोंड करून उभे होते आणि गालातल्या गालात हसत होते. शहरातले एवढे दवाखाने म्हणजे दुकान तरलं. आमच्या दोघांच्याही मनात तेच होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची पाटनची एक म्हातारी गरगरणारं डोकं धरून, डोळ्यांवर पदर घेऊन मला म्हणाली, "ए बिन्नू, जे टीवी बंद करा दो. हमाओ मूड़ तो ऐसई घूम रओ है, ऊपर से जे नाम सरक रए."

कंपाउंडर म्हणाला, "अम्मा, आँख बंद करके बैठ जाओ." तिच्या पलीकडच्या माणसानं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. आणखी एक बाई मान खाली घालून बसली होती. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. कानाच्या डॉक्टरकडे चक्कर येणारी माणसंच येणार. पण मी एकेका बाकाकडे बघत गेले. अर्धी खोली चक्करवाल्यांची, आणि त्यांच्यासमोर आम्ही भिंतभर टीव्हीवर यादी सरकवून राहिलो होतो. वर तिला 'जरा अजून हळू, जरा अजून हळू' करत इतकं लांबवलेलं, की एक नाव गेलं की सगळी खोलीच वर चढतेय असं वाटावं.

मी दादांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "दादा, मी गुपचूप वेळ कमी करून टाकते. कोणाला कळायचं नाही."

"किती कमी?"

"ते मला कसं कळणार?"

"बरोबर," दादा म्हणाले. "तुला नाही कळणार."

आणि ते वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी आपलं हलतं पान समोरासमोर बघितलं. आत कोणाला तरी बोलावलं, वरचं नाव फिकं होत होत गेलं, खालची सगळी एका चालीनं वर निघाली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आलं. खोटं नाही सांगत, लहान पोराला जत्रेत येतं तसं आलं. मग रंग उतरला. हात भिंत शोधायला लागला आणि भिंत लांब होती. ते तिथंच फरशीवर बसले.

"बंद कर," म्हणाले. "एकदम बंद कर."

काही एकदम कर, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी सगळं सरकणं बंद केलं. मॅडम बाहेर धावत आल्या, त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि त्यांचं मनगट धरून विचारलं, "कब से है ये?"

दादांनी बोर्डाकडे बोट केलं. म्हणाले, "मैडम, ये बोर्ड आपके यहाँ नहीं चलेगा. आपके आधे मरीज़ चक्कर वाले हैं. किसी डॉक्टर के यहाँ नहीं चलेगा, बीमार आदमी के सामने कुछ हिलना नहीं चाहिए. मुझे पता होना चाहिए था. मुझसे ज़्यादा किसको पता है?"

"मैं पूछ रही हूँ, कब से है?"

"बहुत दिन से," दादा म्हणाले.

झालं. ज्यासाठी इतके दिवस भिंती धरून चालले ते सगळं त्यांनी भरल्या खोलीत सांगून टाकलं, तेही गिऱ्हाइकासमोर. गप्प राहिले असते तर चाललं असतं. मी गप्पच राहिले असते, सरळ सांगते. मॅडमनी कंपाउंडरला सांगून त्यांचं नाव यादीत घातलं. ते सगळ्यात खाली टपकन उगवलं. बोर्डावर काहीच सरकलं नाही. ती पाटनची म्हातारी तेवढी बाकावर सरकली, त्यांना बसायला जागा करून द्यायला.

कानाच्या आतलं दुखणं निघालं. गोळ्या, मानेचे व्यायाम, आणि स्क्रीन बंद. एका कानानं तर ऐकू येणंही जवळजवळ थांबलं होतं, तेही त्यांनी लपवलं होतं. काकू दुकानात येऊन रडल्या. "मला काहून नाही सांगितलं हो? मी काय परकी होती?" दादा म्हणाले, "हळूहळू सांगणार होतो." दवाखान्याचा बोर्ड आम्ही साधा करून दिला. ज्याचा नंबर येणार त्याच्या नावापुढे आधी एक ठिपका यायचा, थोडा वेळ राहायचा, मग नाव जायचं. ठिपक्याची कल्पना दादांची. बाकीच्या डॉक्टरांचं काम अर्थातच आलं नाही.

मला वाटलं होतं, आता दादा यायचे थांबणार. पण ते दुसऱ्या दिवशी आलेच, खोकत, अंगठी वाजवत. मी म्हटलं, चला, काही बदललं नाही. काही दिवसांनी म्हणाले, "हा दुकानाचा फोन तुझ्याकडे ठेव, मला एका कानानं जमत नाही." ठेवला. कोणी गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, "दीदी से बात कर लो." मग दहाऐवजी अकराला यायला लागले, मग जेवूनच येऊ लागले. मग कॅलेंडर घरी गेलं, काकूला पाहिजे म्हणून. मग कप गेला. खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून त्यांनी टेबल जरा दाराकडे सरकवून घेतलं. मोकळ्या जागेत मी माझं टेबल सरकवलं, तर म्हणाले, "हां, तिथं हवा येते तुला." काही दिवसांनी पुन्हा जरा दाराकडे. मग फक्त शनिवारी यायला लागले. बाबा तेव्हा फार आजारी होते, मी दवाखान्यात निम्मा आठवडा काढायची, उरलेल्यात काम. बरं आहे, मी म्हणायची, दादा आराम करून राहिले.

मग एकदा आडत्याचा फोन आला. मटाराचे भाव बदलून झाले आणि तो म्हणाला, "और दादा कैसे हैं?" मी म्हटलं, "ठीक हैं." फोन ठेवून उठले, पंखा बंद करायला गेले. पाचावरून चारावर, चारावरून तीनावर. तीनावर माझा हात थांबला. कैसे हैं दादा? गेल्या शनिवारी आले होते का? त्याच्या आधीच्या? मी मागे वळून बघितलं. खिडकीपाशी माझं टेबल होतं, फोन माझ्याकडे होता, मी त्यांच्याच जागेवर बसून राहिले होते. दारापाशी त्यांचं टेबल नव्हतं. फरशीवर चार डागही नव्हते. खिडकीपासून दारापर्यंत नुसते चार लांब ओरखडे होते.

खाली जाऊन विचारलं तर ग्रिलवाला म्हणाला, "टेबल तो दादा हमको दे गए, दीदी. आपको नहीं बताया? वो तो नागपुर चले गए, बेटे के पास." त्यांचं टेबल तिथं कोपऱ्यात होतं, त्याच्यावर वेल्डिंगचे चष्मे ठेवलेले. मला कोणाचा राग आला ते कळेना, पण आला. एवढा, की जिना चढताना पायऱ्या वाजल्या.

त्यानंतर आमचं एकदाच बोलणं झालं. पुढच्या थंडीत ते झोपेतच गेले. काकू फोनवर म्हणाल्या, "कळलंसुद्धा नाही गं कोणाला."  दादांना तर तसंच पाहिजे होतं. पण ते बोलणं झालं टेबल गेल्याचं कळलं त्या दिवशी. ग्रिलवाल्याकडून जिना चढून वर आल्या आल्या, मी काकूंच्या नंबरवर फोन लावला आणि दादांना द्या म्हटलं.

"दादा, हे काय? सांगून तरी जायचं!"

"थांब, दुसऱ्या कानाला लावतो. हां, बोल. सांगूनच तर गेलो पोरी. किती दिवस सांगून राहिलो होतो."

"मला कळलं नाही."

"नाही ना कळलं?" आवाजात समाधान होतं, कॅलेंडरकडे बघून हसायचे तेव्हाचं. "झटका नाही ना बसला? मग बरोबर झालं. आणि बाकीचं, सरकलं सगळं?"

"सरकलं."

"धक्काबुक्की न करता?"

मग मला राहवलं नाही. "नाही दादा, मला नाही पाहिजे असं! हळूहळू जाणाऱ्या माणसाला निरोप कोणत्या दिवशी द्यायचा, सांगा ना. रोज तर तुम्ही थोडेथोडे होतेच. मी रडायचं कोणत्या दिवशी? मला झटका बसायला पाहिजे होता. तुम्ही तो पण देऊन नाही गेले मला."

खाली कटर किंचाळत होता. त्यांना कितपत ऐकू गेलं, कोण जाणे. पलीकडे नुसता श्वास येत होता. मी वाट बघत राहिले. आता 'अच्छा' म्हणतील, मग 'चलो' म्हणतील, मग 'ठेवून राहिलो' म्हणतील, आणि शेवटी नेहमीसारखा मलाच ठेवावा लागेल.

श्वास थांबला. फोन बंद झाला होता. ना अच्छा, ना चलो, एकदम.

मला आधी वाटलं, नेटवर्क गेलं. बघितलं तर नेटवर्क भरपूर होतं. मग समजलं, आणि मी टेबलावर डोकं ठेवून खूप वेळ रडले.